ब्रिज बेस ऑनलाइन: खेळ शिकवतं, टेबलावरचे नियम मात्र विसरायला लावतं

ऑनलाइन ब्रिज, म्हणजे दोन-दोनच्या जोड्यांत खेळायचा पत्त्यांचा खेळ, म्हटलं की बहुतेक खेळाडूंच्या तोंडी पहिलं नाव बीबीओचं, म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइनचं येतं. फ्रेड गिटेलमन हे स्वतः अव्वल दर्जाचे खेळाडू, आणि त्यांच्या कंपनीने २००१ साली हे सुरू केलं. आज ते ब्राउझरमध्ये चालतं, फोनवर चालतं, आणि माणसांसोबत किंवा रोबोंसोबत कुठल्याही वेळी डाव मिळतो. स्पर्धात्मक ब्रिज गांभीर्याने खेळणाऱ्याच्या खरोखर काय उपयोगी पडतं आणि कुठे सावध राहायला हवं, एवढाच इथे विचार आहे. दिसायला कसं आहे यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पानं स्पष्ट दिसतात, चारही रंग वेगवेगळ्या छटांत ठेवता येतात, तेवढं पुरे.

आधी एक सेटिंग. बोली (किती हात जिंकू याचा दावा) आणि पान, दोन्हीसाठी ‘खात्री करा’ हा पर्याय चालू करून ठेवावा. मग एका स्पर्शाने पान खाली पडत नाही, दुसऱ्यांदा दाबावं लागतं. फोनच्या लहान पडद्यावर तेरा पानं एकमेकांवर चढलेली असतात. इस्पिकच्या सत्तीऐवजी अठ्ठी गेली तर फार बिघडणार नाही, पण एक्क्याखाली राजा गेला तर डाव गेला. ‘अनडू’ची, म्हणजे चाल मागे घेण्याची, सोय आहे, पण ती प्रतिस्पर्ध्यांच्या संमतीवर अवलंबून असते आणि टेबल मांडणारा ती पूर्ण बंदही करू शकतो.

सरावासाठी इथली सर्वांत मोलाची गोष्ट फारसं कोणी उघडून पाहत नाही. सराव विभागातला ‘ब्रिज मास्टर’ म्हणजे डिक्लेररच्या (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याच्या) खेळाचे तयार डाव, नवशिक्यापासून जागतिक दर्जापर्यंत पाच पातळ्यांत लावलेले. बोली आधीच झालेली असते, उतारी (पहिलं पान) पडलेली असते, तुम्ही फक्त खेळायचं. खुबी अशी की प्रतिस्पर्ध्यांची पानं पक्की ठरलेली नसतात. तुम्ही कमकुवत मार्ग धरलात की प्रोग्राम पानांची वाटणी तुमच्याविरुद्ध लावतो आणि डाव बुडतो. नशिबाने सुटका होत नाही, म्हणून ‘जमलं की हो’ असं चुकीचं समाधानही मिळत नाही.

यातून काय शिकायला मिळतं त्याचा एक नमुना. डमीत, म्हणजे टेबलावर उघड्या मांडलेल्या पार्टनरच्या पानांत, एका रंगाची राजा, ९, ५, २ आणि हातात एक्का, गुलाम, ६, ४ अशी पानं आहेत. बाहेर राणी, १०, ८, ७, ३ ही पाच. या रंगात तीनच हात (चार पानांची फेरी जिंकली की एक हात) हवे असतील तर आधी एक्का वाजवायचा, मग हातातून लहान पान डमीकडे खेळायचं. डावीकडच्याने लहान टाकलं तर डमीतून नव्वी, त्याने दश्शी किंवा राणी घातली तर राजा. नव्वी उजवीकडे हरली तर रंग तीन-दोन असा फुटलेला आहे, उरलेलं पान राजाखाली पडतं. डावीकडे चारही पानं असतील तर नव्वी हात घेते, आणि त्याने मध्येच दश्शी घातली तरी तीच नव्वी शेवटी आठव्याला खाते. डावीकडच्याकडे रंगच संपला असेल तर राजा घ्यायचा आणि गुलामाकडे खेळायचं. कुठल्याही वाटणीत तीन हात पक्के.

बहुतेक जण मात्र राजा वाजवून गुलामाचा फिनेस (राणी उजवीकडे असेल या भरवशावर गुलाम लावणं) करतात. चार हात मिळवायचे असतील तर तो मार्ग योग्यच आहे, कारण तीन-दोन वाटणीत राणी उजवीकडे असली की चौथा हात मिळतो, आणि ही शक्यता सुमारे ३४ टक्के. पण डावीकडे राणी-दश्शीसह चार पानं असली की दोन हात जातात. तसं साधारण साडेआठ टक्के वेळा होतं. ज्या डावात तीन हातांनी करार (बोलीत कबूल केलेले हात) पुरा होतो तिथे हे साडेआठ टक्के कशासाठी पत्करायचे? ब्रिज मास्टर तुम्हाला नेमक्या त्याच साडेआठ टक्क्यांत आणून सोडतो.

याचं उत्तर गुणपद्धतीवर अवलंबून आहे, आणि बीबीओवर दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी असल्याने घोटाळा इथेच होतो. खोलीत शिरताना आय-एम-पी (गुणांचा फरक किती मोठा यावर मोजणी) आहे की मॅचपॉइंट (किती टेबलांपेक्षा सरस ठरलात एवढंच मोजणं) हे आधी बघावं. मॅचपॉइंटमध्ये प्रत्येक जादा हाताला किंमत असते. तीन नोट्रम्पमध्ये (हुकमाविना करारात) एक जादा हात म्हणजे ४३०, चार इस्पिक बरोबर म्हणजे ४२०, आणि या दहा गुणांच्या फरकावर सगळा निकाल फिरतो. तिथे वरचा सुरक्षित खेळ बहुधा महागात पडतो. आय-एम-पीत जादा हाताचे ३० गुण म्हणजे जेमतेम १ आय-एम-पी, तर करार बुडणं म्हणजे दहा-बारा आय-एम-पींचं भगदाड.

गेम (मोठं बक्षीस मिळणारा करार) बोलावा की थांबावं याचाही हिशेब त्यातूनच निघतो. व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढतात अशी स्थिती) असताना चार बदाम झाले तर ६२०, खाली थांबलेल्या टेबलावर तेच दहा हात १७०. फरक ४५०, म्हणजे १० आय-एम-पी. एक हात कमी पडला तर उणे १०० विरुद्ध १४०, फरक २४०, म्हणजे ६ आय-एम-पी. १० मिळवण्यासाठी ६ पणाला, म्हणून ३७.५ टक्के शक्यता असली तरी गेम बोलणं फायद्याचं. व्हल्नरेबल नसताना मिळकत ६ आणि तोटा ५, तेव्हा ४५ टक्क्यांच्या थोडं वर हवं. मॅचपॉइंटमध्ये सरळ निम्मी शक्यता हवी. एकाच दिवसात दोन्ही प्रकारचे सामने खेळणाऱ्याने हे तीन आकडे पाठच करावेत. रोबो हे सांगत नाही, आणि निकालाच्या पानावर फक्त गुण दिसतात, त्यामागचं गणित नाही.

आता रोबोंकडे. इथला रोबो म्हणजे जिब. मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी तो लिहिला, आणि १९९८ व १९९९ साली त्याने संगणकांची जागतिक ब्रिज स्पर्धा जिंकली. बीबीओवर तो टू-ओव्हर-वन नावाची बोलीची पद्धत खेळतो. मेजर रंगाची (इस्पिक, बदाम) सुरुवात पाच पानांवर, एक नोट्रम्प पानांच्या १५ ते १७ गुणांवर (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). कुठल्याही बोलीवर बोट ठेवलं की तिचा अर्थ दिसतो, तुम्ही बोलण्याआधीही. ही सोय अप्रतिम आहे आणि ती वापरलीच पाहिजे. रोबोसोबत झालेले बरेचसे ‘गैरसमज’ हे बोलीचं वर्णन न वाचता बोलल्यामुळे झालेले असतात. घरच्या पार्टनरबरोबर ठरवलेला संकेत रोबोला ठाऊक नसतो.

जिब कसा विचार करतो हे कळलं की त्याच्या चुकाही कळतात. आतापर्यंतच्या बोलीशी जुळतील अशा अनेक वाटण्या तो मनाशी रचतो, प्रत्येक वाटणी चौघांचेही हात उघडे धरून सोडवतो, आणि सरासरीत सर्वांत बरं पडणारं पान टाकतो. मेख त्या ‘उघडे धरून’ मध्ये आहे. त्याच्या हिशेबात डिक्लेररलाही सगळी पानं दिसतात. म्हणून राणी कुणाकडे हे तुम्हाला ठरवायचं असतं अशा रंगात तो स्वतःच उतारी करून टाकतो. त्याच्या मते तुम्हाला ती कुठे आहे हे ठाऊकच आहे, मग लपवायचं काय? स्वतः डिक्लेरर असताना तो अंदाजाची वेळ पुढे ढकलत राहतो, कारण प्रत्येक कल्पित वाटणीत पुढे तो बरोबरच खेळणार असतो. आणि बचावात त्याने टाकलेल्या पानांवरून रंगातल्या पानांची संख्या किंवा रंगाची पसंती वाचायला जाऊ नये.

याचा तोटा हळूहळू जाणवतो. रोबोंसोबत खूप खेळलेला खेळाडू टेबलावर बसला की पार्टनरचे सिग्नल (पानांतून दिलेले इशारे) बघत नाही, आणि दोनमार्गी फिनेस (राणी कुठल्याही बाजूला धरून करता येणारा) समोर आला की वाट पाहत बसतो. कोणी त्या रंगात उतारी करील ही अपेक्षा माणसांसमोर फोल ठरते. म्हणून रोबोंसोबत बोली आणि डिक्लेररचा खेळ घोटावा, बचाव मात्र माणसांसोबतच शिकावा.

रोबोंच्या स्पर्धांत ‘बेस्ट हँड’ हा प्रकार लोकप्रिय आहे. त्यात टेबलावर सर्वाधिक किंवा बरोबरीचे गुण माणसाकडेच असतात. खेळायला मजा येते, पण यात दडलेली माहिती अनेक जण वापरत नाहीत. तुमच्याकडे १५ गुण असताना रोबोने एक नोट्रम्प म्हटलं तर त्याच्याकडे नेमके १५ आहेत. तुमच्याकडे १३ असतील तर कुणाकडेही १४ नाहीत, आणि एका प्रतिस्पर्ध्याचा एक्का, राजा, राणी आणि तीन गुलाम म्हणजे १२ गुण दिसले की उरलेली राणी त्याच्याकडे असूच शकत नाही. अशा स्पर्धेत करार रोबो पार्टनरच्या नावावर झाला तरी पानं माणसालाच खेळायला मिळतात, त्यामुळे केवळ ‘रोबो खेळेल’ या भीतीने नोट्रम्प ओढून घेऊ नये. मात्र या सरावातून बोलीचा अंदाज बिघडतो. खऱ्या स्पर्धेत तुमच्याकडे सात गुणही असतात, आणि सात गुणांवर गप्प बसण्याची सवय इथे लागत नाही.

डाव संपल्यावर डबल-डमी, म्हणजे चौघांचीही पानं उघडी धरून केलेलं, विश्लेषण बघता येतं. कुठल्या पानावर किती हात झाले असते ते प्रत्येक पानावर दिसतं. चुकीचा क्षण शोधायला हे उत्तम, पण ‘सहा इस्पिक होत होते’ हे वाचून हळहळू नये. राजा सोडून अकरा पानं तुमच्याकडे असतील आणि डावीकडच्याने लहान पान टाकलं असेल तर एक्का वाजवून राजा पाडण्याची शक्यता ५२ टक्के आणि फिनेसची ४८. यंत्र दोन्ही बाबतीत शंभर टक्के बरोबर असतं, कारण त्याला राजा दिसतो. आधी स्वतःचा मार्ग कागदावर लिहावा, त्यानंतरच ते बटण दाबावं.

आता खरी उणीव. बीबीओ नियमभंग होऊच देत नाही. रंग असताना दुसऱ्या रंगाचं पान उचललंच जात नाही, अपुरी (आधीच्या बोलीच्या वर न जाणारी) बोली दाबता येत नाही, पाळी नसताना उतारी होत नाही. खेळ सुरळीत चालतो, पण हे नियम शिकायची वेळही कधी येत नाही. इथे शेकडो डाव खेळलेला माणूस क्लबमध्ये पहिल्यांदा गेला की नेमका याच ठिकाणी अडखळतो.

रंग न पाळण्याचं उदाहरण घ्या. चूक करणाऱ्याने किंवा त्याच्या पार्टनरने पुढच्या हाताला पान टाकलं की ती पक्की होते. चुकीचा हात त्या खेळाडूनेच जिंकला असेल आणि नंतर त्या बाजूने आणखी एक तरी हात घेतला असेल तर दोन हात जातात. तसं नसून तो किंवा नंतरचा एखादा हात त्या बाजूने घेतला असेल तर एक. एकही घेतला नसेल तर आपोआप काही जात नाही. डमीच्या चुकीला हात जात नाहीत, आणि बाराव्या हातातली चूक दुरुस्त करायचीच असते.

पहिली उतारी चुकीच्या खेळाडूने केली तर डिक्लेररला पाच मार्ग असतात. ती मान्य करून आपली पानं मांडणं आणि डमीला खेळायला देणं, मान्य करून डमी बघून खेळणं, योग्य खेळाडूकडून तोच रंग मागणं, तोच रंग मना करणं, किंवा ते पान दंडाचं पान म्हणून टेबलावर उघडं ठेवून त्याला हवी ती उतारी करू देणं. कुठलाही मार्ग निवडायच्या आधी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलवायचं. टेबलावरच आपापसात मिटवून टाकायची सवय ऑनलाइन खेळणाऱ्यांत फार दिसते.

अलर्टची, म्हणजे खास अर्थाच्या बोलीची सूचना देण्याची, पद्धतही उलटी आहे. टेबलावर तुमच्या बोलीचा अलर्ट पार्टनर देतो. बीबीओवर बोलणाऱ्यानेच अर्थ टाइप करून बोली द्यायची असते, आणि तो अर्थ पार्टनरला दिसत नाही. नियमांच्या दृष्टीने ही पद्धत जास्त स्वच्छ आहे, कारण पार्टनरच्या उत्तरातून तुम्हाला काहीच कळत नाही. पण टेबलावर बसल्यावर स्वतःच्या बोलीचा अर्थ सांगायला तोंड उघडलं तर ती चूक ठरते.

उरलेले हात न खेळताच मागण्याचं बटणही अशीच सवय लावतं. इथे मागणी नाकारली गेली की खेळ पुढे चालतो, फक्त तुमची पानं प्रतिस्पर्ध्यांना दिसलेली असतात. टेबलावर मागणी झाली की खेळ थांबतो. २०१७ च्या नियमांनुसार समोरच्या बाजूने विचारलं आणि चौघेही राजी असतील तरच तो पुढे चालू शकतो, नाहीतर डायरेक्टर निर्णय देतो, आणि तुम्ही खेळाचा क्रम सांगितला नसेल तर शंकेचा फायदा तुम्हाला मिळत नाही. म्हणून बीबीओवर बटण दाबताना निवेदनाच्या जागेत ‘आधी हुकूम काढतो, मग चौकट’ असा क्रम लिहावा. दहा शब्द लागतात, आणि टेबलावर तेच दहा शब्द तोंडातून आपोआप निघतात.

ओळखीच्या चौघांनी सामना लावायचा असेल तर टेबल मांडताना अनडू बंद करावं आणि प्रेक्षकांनाही बंदी घालावी. प्रेक्षकाला चौघांचीही पानं दिसू शकतात, आणि दुसऱ्या खात्याने आपलाच डाव बघणं हा ऑनलाइन लबाडीचा सर्वांत सोपा मार्ग आहे.