गाणं चालू, स्पीकर झोपलेला: एका ॲम्बियंटवाल्याचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल: पाचपैकी अडीच. सिनेमाची गाणी, पॉडकास्ट आणि क्रिकेटची कॉमेंटरी एवढंच ऐकणार असाल तर चार समजा आणि पुढचं वाचू नका, तुमचे पैसे वसूल आहेत.

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, प्लगवर चालणारा, ब्लूटूथ आणि ऑक्स (वायरनं जोडायची सोय) दोन्ही असलेला, चौदा हजारांच्या गटातला हा स्पीकर. स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, परत लिहीत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण याच किमतीतले आणखी काही स्पीकर मित्रांकडे असंच वागताना पाहिलेत. खोका देखणा आहे, बास घट्ट आहे, ब्लूटूथ स्वयंपाकघरापर्यंत तुटत नाही. तक्रार एकच आहे, पण ती लांबणार आहे.

संगीत बारीक झालं की हा आवाज बंद करतो.

हे दोन पातळ्यांवर होतं आणि दोन्ही वेगवेगळ्या भानगडी आहेत. पहिली, पंधरा-वीस मिनिटं काही ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं की तो सरळ स्टँडबायमध्ये जातो. हे समजू शकतो. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या १२७५ क्रमांकाच्या नियमानं स्टँडबायमधल्या उपकरणानं किती वीज खायची याला लगाम घातला, २०१३ पासून तर साध्या स्टँडबायला अर्धा वॅट एवढीच मुभा आहे, आणि काम नसेल तर उपकरणानं आपणहून झोपावं अशीही अट आली. कंपन्या जगभर एकच माल विकतात, त्यामुळे युरोपातली शिस्त डोंबिवलीत आपोआप लागू होते. वीजबिल मीच भरतो, त्यामुळे यावर फार बोलणार नाही.

दुसरी भानगड खरी. सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की चार-पाच सेकंदांत स्पीकरच्या आतलं एक गेट बंद होतं आणि पूर्ण शांतता पसरते. पुढचा मोठा स्वर आला की ते उघडतं, पण उघडायला अर्धा सेकंद घेतं, म्हणजे त्या स्वराचं तोंडही गायब. हे कशासाठी, तर स्वस्त ॲम्प्लिफायरची ‘सूं’ गिऱ्हाइकाला ऐकू येऊ नये म्हणून.

आता मी काय ऐकतो ते सांगायला हवं. ॲम्बियंट (वातावरणासारखं पसरणारं संथ संगीत), ड्रोन (एकच सूर लांबवत नेणारं), इलेक्ट्रॉनिक इम्प्रोव्हायझेशन, बायकोच्या भाषेत ‘फ्रिजचा आवाज’. नवीन काही आलं की बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांकडून थेट संगीत विकत मिळणाऱ्या साइटवर, घेतो, आणि शक्यतो त्यांच्या त्या खास शुक्रवारी. मार्च २०२० पासून काही ठरलेल्या शुक्रवारी बँडकॅम्प डिजिटल विक्रीतला स्वतःचा पंधरा टक्के वाटा सोडते. माझा त्यात एक पैसा वाचत नाही, उलट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बसतोच, पण कलाकाराला जास्त मिळतात. एवढं करून फ्लॅक (दर्जा न घटवणारी) फाइल उतरवायची आणि तिच्यातला दहावा हिस्सा एका खोक्यानं परस्पर गिळायचा!

उदाहरण घ्या. जपानी संगीतकार र्‍युइची साकामोतोचा ‘१२’ हा अल्बम, जानेवारी २०२३ मध्ये आला, मार्चमध्ये माणूस गेला. आजारपणात रोजनिशीसारखं वाजवलेलं, तुकड्यांची नावं म्हणजे तारखा, पहिलाच ‘२०२१०३१०’. त्यातल्या पियानोच्या तुकड्यांत एक स्वर लावून तो पार विरेपर्यंत थांबलेला असतो, आणि मधल्या जागेत त्याचा श्वास ऐकू येतो. जड, मोजून घेतलेला. हेडफोनवर तो अंगावर येतो. या स्पीकरवर स्वर विरत जातो, श्वास सुरू होतो आणि खट् करून सगळं बंद. तो श्वास घेतोय आणि स्पीकरच्या मते तिथे काहीच नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे, तारे कापलेत ते यासाठी.

हे मनाचे खेळ नाहीत हे स्वतःला पटवायला लॅपटॉपवर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४० हर्ट्झचा साधा सूर बनवला आणि पायरीपायरीनं खाली आणत गेलो. उणे ५० डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे फाइलमधला सर्वांत मोठा आवाज) गेट पडतं. सीडीच्या १६ बिटांत ९६ डेसिबलची जागा असते. म्हणजे खालची जवळजवळ निम्मी इमारत या साहेबांनी परस्पर सील केलेली आहे.

स्क्रीनशॉट, व्हिडिओ, बिल सगळं घेऊन कल्याणच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. मुलगा सज्जन होता. त्यानं स्वतःच्या फोनवरून वरातीतलं एक गाणं लावलं, काउंटरवरचे स्क्रू नाचायला लागले, म्हणाला, “ओके आहे सर.” मी म्हटलं, आता माझं लावतो. साकामोतो लावला. त्यानं स्पीकरला कान लावला, फोनच्या स्क्रीनकडे पाहिलं, परत कान लावला.

“सर, हे सुरूच झालं नाही.”

“सुरू आहे. थांबा जरा.”

मागच्या रांगेतले काका मिक्सर घेऊन आले होते, त्यांनी घड्याळ पाहिलं. मग मी चूक केली असं कुणी म्हणेल, पण मुद्दा सिद्ध करायचा म्हणून तोशिमारू नाकामुरा लावला. हा जपानी माणूस आवाजाच्या (स्वयंपाकघरातल्या नव्हे) मिक्सरचं आउटपुट त्याच मिक्सरच्या इनपुटला जोडतो आणि बाहेरून काहीही न देता नुसत्या फीडबॅकवर वाजवतो. चिर्रर्र, टक्, मग बारीक शिट्टी, मग काही नाही. त्या मुलाचा चेहरा उजळला. “सर, ही तर वायर लूज आहे. स्पीकरची नाही, रेकॉर्डिंगची.” जॉब शीटवर त्यानं लिहिलं, ‘कस्टमर साँग प्रॉब्लेम’. हेल्पलाइनवरची बाई तर हिंदीत दोन्ही वेळा एकच वाक्य बोलली, “सर, कोई दूसरा गाना बजाकर देखिए.”

त्या मुलावर राग नाही. अडचण अशी आहे की या संगीतात आणि बिघाडात फरक सिद्ध करायला पुरावाच नसतो. ओव्हल नावाच्या जर्मन मंडळींनी नव्वदच्या दशकात सीडीवर मुद्दाम खाडाखोड करून ती अडखळवत वाजवली आणि त्यातून अख्खे अल्बम उभे केले. जपानची साचिको एम सँपलर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवायचं यंत्र) वापरते, पण त्यात सँपल नसतात, यंत्राचा स्वतःचा चाचणीचा सूर तेवढा असतो. आणि या सगळ्याचं मूळ? जानेवारी १९७५, इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो अपघातानंतर अंथरुणात. मैत्रिणीनं जुन्या हार्पची रेकॉर्ड आणून दिली, ती लावून तो परत आडवा झाला तर आवाज फार कमी, त्यात स्टिरिओची एक बाजू बंद. उठून वाढवायची ताकद नव्हती, म्हणून पावसाच्या आवाजात मिसळून गेलेली तशीच ऐकली. त्याच वर्षी त्यानं ‘डिस्क्रीट म्युझिक’ काढला. त्याच्याकडे माझा स्पीकर असता तर त्यानं फक्त पाऊस ऐकला असता आणि आपण सगळे कामाला लागलो असतो.

पुढे मार्चमध्ये अपडेट आलं, तेव्हा मत बदलावं लागलं, थोडंसं. ॲपमध्ये ‘ऑटो ऑफ’ बंद करायचं बटण आलंय. पहिली भानगड मिटली, त्यासाठी अर्धा तारा परत दिलाय. गेट तसंच आहे. ऑक्सवरही तसंच.

याच सुमारास एक उपयोगाची गोष्ट सापडली, अँड्रॉइडवाल्यांनी लिहून घ्या. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ नावाचं बटण आहे. ते चालू केलं की फोनचा आणि स्पीकरचा आवाज वेगवेगळा होतो. फोन पूर्ण वर ठेवायचा आणि स्पीकरच्या बटणानं कमी करायचा. गेट येणाऱ्या सिग्नलकडे बघतं, त्यामुळे रात्री हळू आवाजातही ते निदान लवकर पडत नाही. साकामोतोचा श्वास आता निम्मा येतो.

मग मी नवीन-जुन्या रिलीजची प्रतवारी संगीत कसं आहे यावर न करता हा स्पीकर जागा राहतो का यावर करायला लागलो, आणि त्यातून जे निघालं ते मजेशीर आहे. टिम हेकरचा ‘नो हाय्ज’ (२०२३): उत्तम. मोर्स कोडसारखी टकटक सुरुवातीपासून चालू, डोळा लागू देत नाही. लॉसिलचा ‘लेक फायर’ (२०२५): उत्तम, धुराचा थर कधीच पूर्ण उतरत नाही. फेनेझचा ‘मोझाइक’: ठीक. काली मलोनचा ‘डझ स्प्रिंग हाइड इट्स जॉय’ (२०२३), एकाच रचनेची तासातासाची तीन रूपं: एकदाही गेट पडलं नाही, रुपयाला मिनिटं मोजली तर माझ्या संग्रहातली सगळ्यात किफायतशीर खरेदी. टोकियो-बर्लिनकडच्या अतिशांत मंडळींचं मात्र काही खरं नाही. टोकियोतल्या योयोगीत २००० ते २००५ ‘ऑफ साइट’ नावाची एवढीशी जागा होती, शेजाऱ्यांच्या त्रासामुळे तिथे वाजवणारे कुजबुजीएवढ्या आवाजात वाजवत. आमच्या सोसायटीला शोभेल असं संगीत, आणि नेमकं तेच इथे वाजत नाही.

पण कळस केला तो ‘एनआयडी टेप्स’नं. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग सिंथेसायझर बसवून दिला, आणि १९७२ पर्यंत तिथे भारतीय मंडळींनी जे काही करून पाहिलं त्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गसनं त्या शोधून काढल्या, २०२३ मध्ये रेकॉर्ड आली. त्यात गीता साराभाई आहेत, ज्यांनी चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजला भारतीय संगीताचे धडे दिले होते. विरळ, तुटक, मध्ये मोठमोठ्या जागा सोडलेलं काम. मला वाटलं, इथे स्पीकर पार आडवा होणार. एकदाही झोपला नाही! कारण टेपची खरखर. स्वर थांबला तरी ती गेटच्या उंबऱ्याच्या वर वाहत राहते. पन्नास वर्षांपूर्वीची टेप अखंड वाजते आणि कालपरवाचं चकचकीत डिजिटल रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांनी. ज्या खरखरीला हाकलण्यात या धंद्याची हयात गेली, तीच इथे राखण करते.

आईचंही तेच. ती संध्याकाळी रियाझाला या स्पीकरवर तंबोऱ्याचं ॲप लावते, तासभर चूं नाही की चां नाही. तिच्या लेखी हा घरातला सर्वांत गुणी स्पीकर. अरुशी जैनचा ‘डिलाइट’ (२०२४, मॉड्युलर सिंथवरचा बागेश्री) मी एकदा तिच्या रियाझानंतर लगेच लावला, तेही व्यवस्थित वाजलं. आईची तक्रार वेगळी: “बागेश्री आहे ना हा? मग सात वाजता कशाला लावलास, रात्रीचा आहे.”

तंबोऱ्यावरूनच शेवटचा जुगाड सुचला. फाइल ऑडॅसिटीत उघडायची, खाली २० हर्ट्झचा सूर उणे ४५ डेसिबलला मिसळायचा, नव्या नावानं सेव्ह करायची. एवढा खालचा सूर स्पीकरच्या पडद्याला झेपत नाही, म्हणजे ऐकू काही येत नाही, पण आतलं गेट त्याला संगीत समजतं आणि उघडं राहतं. चाललं. साकामोतोचा श्वास पूर्ण येतो, सोबत ॲम्प्लिफायरची ‘सूं’ही येते आणि ती मला गोड वाटते. पण जरा हिशोब बघा: अस्सल फाइल हवी म्हणून डॉलरमध्ये पैसे मोजायचे, आणि मग तिच्यात स्वतःच्या हातानं भेसळ करायची, प्रत्येक तुकड्याला पाच मिनिटं. साचिको एमच्या फाइलला हे करायला हात धजावला नाही, तिचं संगीतच तो सूर आहे.

विकायचा म्हटलं तर सेकंडहँडला सहा हजारांच्या वर कोणी बोलत नाही, म्हणून स्पीकर दिवाणखान्यात आईकडे राहील. माझ्यासाठी वायरवाली जुनी बुकशेल्फ जोडी आणि वेगळा ॲम्प्लिफायर बघतोय, थोडी सूं करणाराच. लॅमिंग्टन रोडला कुणाकडे दहा हजारांच्या आत असेल तर कळवा. नवीन काही घेणार असाल तर दुकानात शांत तुकडा लावून पूर्ण विरेपर्यंत थांबा, सेल्समन “सर, सुरू झालं नाही” म्हणाला तरी.