खिशातली एकडोळी दुर्बीण : ८×२५ मोनोक्युलरचे नऊ महिने

आधी ठेच कशी लागली ते सांगतो, कारण हा मोनोक्युलर निवडताना तीच कामाला आली.

दोन वर्षांपूर्वी अंगावर ‘४०×६०’ असं ठसठशीत छापलेला एक मोनोक्युलर ऑनलाइन मागवला होता, साडेआठशे रुपयांना. सोबत मोबाइलला लावायची क्लिप आणि टेबलावर ठेवायची काडीपैलवान तिपाई फुकट. पहिल्याच रविवारी सिंहगडावर नेला. कल्याण दरवाज्याजवळून राजगडाकडे लावला, तर बालेकिल्ल्याला जांभळी किनार आणि मधला चिमूटभर भाग सोडला तर बाकी सगळं ताकात बुडवल्यासारखं. तोरणा नुसत्या डोळ्यांनी जास्त बरा दिसत होता.

घरी येऊन पट्टी घेऊन बसलो. दुर्बीण खिडकीच्या उजेडाकडे (सूर्याकडे नव्हे, कधीच नव्हे) करून हातभर लांब धरली की डोळ्याकडच्या भिंगात एक उजळ ठिपका दिसतो. त्याचा व्यास मोजायचा. पुढच्या भिंगाचा व्यास मोजायचा. भिंगाला ठिपक्याने भागलं की जवळपास खरी पट, म्हणजे किती पट मोठं दिसतं तो आकडा, हातात येते. माझं भिंग भरलं ३९ मिलिमीटर आणि ठिपका ४ च्या आसपास. म्हणजे जेमतेम दहा पट. छापलेला चाळीस हा बहुधा भिंगाचा व्यास असावा. साठ कशाचा, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. हा पट्टीचा हिशेब दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतो. नवीन काही घेणार असाल तर एवढं नक्की करून बघा, विक्रेत्याचा चेहराही वाचता येतो.

खऱ्या मालावर आकडे सरळ असतात. ८×२५ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग २५ मिलिमीटरचं. २५ ला ८ ने भागलं की तो ठिपका ३.१ मिलिमीटर. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे उन्हात एवढा ठिपका पुरतो. झुंजूमुंजू असताना बाहुली मोठी होते आणि मग ३.१ अपुरा पडू लागतो. ८×४२ ला हाच ठिपका सव्वापाचाचा, आणि ४२ चं भिंग २५ च्या पावणेतीनपटीहून जास्त प्रकाश गोळा करतं. पण ते खिशात मावत नाही. सगळा व्यवहार इथेच आहे.

गेल्या सप्टेंबरात पाऊस ओसरत असताना दुकानात जाऊनच घेतला. दुकानदार मुलगा म्हणाला, “काका, टेन एक्स घ्या, सगळे तेच नेतात.” मी म्हटलं, दोन्ही दे, रस्त्यावर जाऊन बघतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक कबुतर बसलं होतं. १०×२५ मधून ते मोठं दिसत होतं खरं, पण थरथरत होतं. माझा हात थरथरत होता, खरं तर. पट जितकी मोठी तितका हाताचा कंपही मोठा. ८×२५ मध्ये कबुतर थोडं लहान, पण त्याच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाक स्थिर दिसली. शिवाय दहा पटीत दृश्याचा पट्टा आणखी चिंचोळा. माझ्या ८×२५ च्या खोक्यावर हजार मीटरवर ११९ मीटर रुंदी लिहिली आहे; त्या १०×२५ वर शंभराच्या आतला आकडा होता. एका डोळ्याने पक्षी शोधायचा असेल तर ही रुंदी फार महत्त्वाची.

दुसरं, मला चष्मा आहे, आणि त्यात सिलिंडरचा (बुबुळाच्या वाकड्या गोलाईचा) नंबर. नुसता जवळचा-दूरचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस फिरवून भागतं. सिलिंडरचा नंबर फोकसने जुळत नाही. म्हणजे चष्म्यावरूनच बघायचं. त्यासाठी भिंगापासून डोळा निदान १५ मिलिमीटर लांब असतानाही पूर्ण चित्र दिसायला हवं. यालाच आय रिलीफ म्हणतात. माझ्या मोनोक्युलरचा आय रिलीफ १५ आहे, आणि आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कड) पूर्ण खाली केला की कडेचा एक बारीकसा कंगोरा सोडून सगळं दिसतं. चष्मेवाल्यांनी बाकी काही विसरलं तरी चालेल, आपला चष्मा लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

किंमत साडेसहा हजार, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन १६८ ग्रॅम. आतला प्रिझम बीएके-४ या चांगल्या प्रतीच्या काचेचा, सगळ्या भिंगांना मल्टिकोटिंग (चकाकी कमी करणारे थर), आत नायट्रोजन भरलेला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच बेताचे मोनोक्युलर दोन-चार नावांनी दुकानात होते आणि मला त्यांत रंगापलीकडे फारसा फरक दिसला नाही.

आता वापराबद्दल. पहिला महिना मी वैतागलो होतो. भीमाशंकरला शेकरू दिसलं, सगळे बोट दाखवतायत, आणि माझ्या दुर्बिणीत नुसती पानं. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उडी टाकून मोकळं झालं, मी अजून पहिल्याच झाडावर. युक्ती नंतर जमली: नजर प्राण्यावरून हलवायची नाही. दुर्बीण डोळ्याकडे आणायची, डोळा दुर्बिणीकडे न्यायचा नाही. आधी खाली बघून दुर्बीण चाचपायची आणि मग वर शोधायचं, असं केलं की संपलं. आणि दुसरा डोळा मिटायचा नाही. सुरुवातीला दोन चित्रं एकात एक मिसळतात, आठवडाभरात मेंदू नको ते चित्र सोडून द्यायला शिकतो. डोळा मिटून बघितलं की गालाचे स्नायू ओढले जातात आणि पाच मिनिटांत कपाळ दुखतं.

धरायची तऱ्हाही आहे. दोन्ही हातांनी, एका हाताचा अंगठा गालाच्या हाडाला टेकवून, कोपरं छातीशी. जवळ काठी असेल तर ती उभी धरून मुठीवर दुर्बीण टेकवायची. मी टोपीची झापही त्याच मुठीत धरतो. विचित्र दिसतं, पण चित्र जागचं हलत नाही.

गडांवर मात्र तो पहिल्या दिवसापासून उपयोगी पडला, आणि तोही अशा कामांना ज्यांचा विकत घेताना विचार केला नव्हता. राजगडावर रविवारी बालेकिल्ल्याच्या कातळातल्या पायऱ्यांवर रांग लागते. पद्मावती माचीवर बसून रांग केवढी आहे ते बघायचं आणि तोवर पोहे संपवायचे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आग्यामोहोळ, कड्यावरच्या मोठ्या मधमाश्यांचं पोळं. कड्याखालच्या आडव्या वाटेवर जायच्या आधी वरच्या कपारी एकदा नीट बघून घेतो. नुसत्या डोळ्यांना जो ओला काळा डाग वाटतो, तो आठ पटीत कधी डागच असतो, तर कधी त्याच्यावर माश्यांची लाट सरकताना दिसते. फेब्रुवारीत एका ठिकाणी ती लाट दिसली, आम्ही बारा जण होतो, दोघांना अत्तर लावायची हौस, आणि वासाने माश्या बिथरतात. सरळ मागे फिरलो. मोनोक्युलरचे साडेसहा हजार माझ्या हिशेबी त्याच दिवशी वसूल झाले.

जानेवारीत भिगवणला गेलो, उजनीच्या फुगवट्यावर. होडीवाले दादा रोहित पक्ष्यांच्या थव्यापासून बऱ्यापैकी लांबच होडी थांबवतात, तेच बरोबर. आठ पटीत रोहितांची वाकडी चोच पाण्यात उलटी बुडवून चाळणी धरल्यासारखी चाललेली छान दिसली. थव्यातली राखाडी पिल्लं वेगळी ओळखता आली. पट्टकादंब हंसांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजता आले. पण इथेच त्याची मर्यादाही कळली. दोन तास एका डोळ्याने बघून माझं डोकं धरलं. शेजारच्या मित्राकडे ८×४२ बायनॉक्युलर होता, तो पाच मिनिटं मागून घेतला आणि वाटलं कुणीतरी खिडकी उघडली. दोन्ही डोळ्यांनी बघताना चित्र शांत होतं, खोली येते, पाणवठ्यावरची गर्दी नीट चाळता येते. ज्यांना तासन्‌तास पक्षीच बघायचे आहेत त्यांनी मोनोक्युलरच्या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगेन. मोनोक्युलर हे दहा-वीस सेकंदांचं साधन आहे: काढला, बघितलं, ओळखलं, परत खिशात.

सिंहगडाच्या दरीत एप्रिलमध्ये पहाटे सहाला स्वर्गीय नर्तक शोधायला गेलो होतो, तेव्हा २५ चं भिंग हरलं. झाडीत अंधार, पांढरी शेपटी तेवढी सळसळताना दिसली, डोक्याचा काळा तुरा सावलीतच मिसळून गेला. साडेसातला ऊन आत उतरलं आणि तोच पक्षी लख्ख. याउलट सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात उघडं माळरान, स्वच्छ उजेड, तिथे चिंकारा बघताना याहून मोठी दुर्बीण हवी असं एकदाही वाटलं नाही. दुपारी मात्र जमिनीवरून वाफा निघू लागल्या की कुठलीही दुर्बीण लावा, हरीण पाण्यात उभं असल्यासारखंच लहरतं.

जवळचा फोकस अडीच मीटरचा आहे. फुलपाखराच्या मागे न धावता ते बघायला हे अंतर चालतं. नीलवंत एकदा असाच ओल्या मातीवर बसलेला पोटभर बघितला. आणि दुर्बीण उलटी धरून डोळ्याकडचं भिंग वस्तूच्या अगदी इंचभर जवळ नेलं की ती चक्क सूक्ष्मदर्शकासारखी चालते. मुलीच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, तो याच उपायाने सापडला. “बाबा, हलू नका!” असं तीच मला सांगत होती.

रात्रीच्या आकाशाबद्दल फार अपेक्षा नको. चंद्रावरची मोठी विवरं, कृत्तिकांचा पुंजका, झालं. गुरूचे चंद्र भिंतीला टेकून, श्वास रोखून बघितले तर दोन-तीन ठिपके दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये जे बघितलं ते आपण खिशातून काढून बघतोय, ही गंमत वेगळीच, पण तिपाईशिवाय ती दहा सेकंद टिकते. मोबाइलला लावायची क्लिप या वेळी घेतलीच नाही.

एक सामाजिक अडचणही सांगून ठेवतो. गॅलरीत उभं राहून गुलमोहराच्या ढोलीतलं तांबटाचं घरटं बघत होतो, तर दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लिफ्टमध्ये समोरच्या विंगमधल्या वहिनींनी विचारलं, “काय बघत असता हो रोज?” त्यांना बोलावून घरटं दाखवलं तेव्हा कुठे निभावलं. एनडीएच्या (खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीच्या) कुंपणाशेजारून जाताना दुर्बीण खिशाबाहेर काढायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

बिघाड एकच. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर दिवसभर राहिला (चूक माझी) आणि आयकपचं रबर सैल होऊन फिरायचं थांबेना. दुकानात विचारलं, सुटा भाग मिळत नाही म्हणाले, पूर्ण नग पाठवा, सहा आठवडे लागतील. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची अर्ध्या इंचाची चकती कापून चढवली. दिसायला गावठी, पण घट्ट बसली आहे. बाकी काच, फोकसचं चाक, कोटिंग सगळं शाबूत. एकदा प्रिझम हलला की मोडीत, असं बायनॉक्युलरचं दुखणं असतं: दोन नळ्या एकमेकींशी जुळेनाशा होतात आणि एकाची दोन चित्रं दिसतात. इथे नळीच एक, त्यामुळे दोनदा पडूनही काही झालं नाही.

आता पाऊस सुरू झाला. नायट्रोजन आतल्या बाजूला धुकं धरू देत नाही, पण बाहेरच्या काचेवरची बुरशी कुणाला सोडत नाही; जुन्या कॅमेऱ्याची एक लेन्स मी अशीच घालवली आहे. ट्रेकहून आलं की मऊ ब्रशने धूळ झटकायची, मग फडकं, मग पंख्याखाली रात्रभर, आणि मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. चामड्याच्या पाऊचमध्ये पावसाळाभर ठेवू नका, ते पाऊचच आधी बुरसटतं. आमच्या घरी त्या डब्यावर बायकोने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘हा शेवयांचा नाही’.