कुंपणाशी मोजलेला आवाज : नायॉश साउंड लेव्हल मीटर ॲपचा अनुभव

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सनीव्हेल शहरात आमच्या घराच्या मागे, कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या पोहण्याच्या तलावाचा पंप रात्री दहानंतर सुरू होई आणि त्याची एकसुरी घरघर खिडकी लावून घेतली तरी झोपण्याच्या खोलीत ऐकू येई. त्यांच्याशी बोलण्यापूर्वी हाताशी आकडा असावा, म्हणून मी नायॉश साउंड लेव्हल मीटर हे ॲप घेतले. नायॉश या अमेरिकेच्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक सरकारी संशोधन संस्थेने २०१७ मध्ये आणलेले हे ॲप मोफत आहे.

फोनचे कव्हर काढून, मायक्रोफोनवर बोट येणार नाही असा तो धरून मी कुंपणाशी पाच मिनिटे उभी राहिले. पडद्यावरचा मोठा आकडा क्षणाक्षणाला बदलतो; कामाची असते ती त्याच्या खालची सरासरी. मोटार गेली की मोजणी सोडून पुन्हा सुरू करावी लागली. अखेर पंप चालू असताना ४७ डेसिबल आणि बंद असताना ४२ डेसिबल अशी नोंद मिळाली.

या ४७ चा अर्थ मात्र ॲप सांगत नाही, आणि तो शहरागणिक बदलतो. सनीव्हेलमध्ये निवासी भागात दिवसा ६० आणि रात्री ५० डेसिबलची मर्यादा आहे. पण घरघर, शिट्टीसारखा सूर, ठोकाठोक किंवा संगीत असेल, तर रात्रीची मर्यादा ४५ वर येते. म्हणजे आमच्याकडे हा पंप नियमाबाहेर ठरतो. जाऊबाई राहतात त्या शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये अशा यंत्रांना दिवसा ५५ आणि रात्री ५० ची मुभा असल्याने तोच पंप नियमात बसला असता. त्यापुढच्या पालो अल्टोत तर ठरावीक आकडाच नाही : निवासी जागेच्या हद्दीबाहेर परिसरातील मूळ पातळीपेक्षा ६ डेसिबलहून अधिक आवाज होता कामा नये, असा तिथला नियम आहे, म्हणून तिथे यंत्र बंद ठेवूनही मोजावे लागते. ठाणे असो वा मुंबई, निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ हे २००० सालच्या केंद्रीय नियमांतले एकच माप लागू असते. त्याची सवय असलेल्या मला अर्ध्या तासाच्या अंतरात तीन मापे पाहून खरोखर आश्चर्य वाटले.

ॲपच्या अचूकतेबद्दल सावध राहावे. चाचण्यांत त्याची चूक दोन डेसिबलच्या आत असल्याचे संस्था सांगते, पण ते मुळात कारखान्यातील गोंगाटासाठी बनवले आहे आणि रात्रीच्या शांततेत फोनचा मायक्रोफोन कितपत विश्वासार्ह राहतो, याची मला शंका आहे. माझे ४७ प्रत्यक्षात ४५ ही असू शकतील. त्यामुळे मी तक्रार न करता ॲपने तयार केलेला अहवाल शेजाऱ्यांनाच दाखवला. ॲप ध्वनिमुद्रण करत नाही, केवळ आकडे साठवते, हे सांगितल्यावर त्यांचा संकोच गेला आणि त्यांनी पंपाचा टायमर दुपारवर नेला.

मोठी उणीव एकच : ॲप फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालते. जाऊबाईंकडे अँड्रॉइड फोन आहे, त्यामुळे त्यांच्याकडचे मोजमाप मलाच जाऊन करावे लागते.