निळी जर्सी, दोन तारे आणि अहमदाबादचा पराभव

क्रिकेटच्या जर्सीचे परीक्षण करताना कापड, शिवण आणि रंग यांबरोबरच, हरलेल्या सामन्यानंतर ती अंगावर घालवते का, हेही पाहायला हवे, असे मला अदिदासने 2023 च्या एकदिवसीय विश्वचषकासाठी काढलेल्या भारतीय संघाच्या जर्सीमुळे वाटू लागले.

कापडाबद्दल तक्रारीला जागा नाही. पॉलिएस्टर असले तरी ते हलके आहे, घाम लवकर सुकतो आणि इतक्या धुण्यांनंतरही निळा रंग विटलेला नाही. खांद्यांवरच्या तीन पट्ट्या पांढऱ्या न ठेवता तिरंगी केल्या आहेत आणि ही जर्सीतली सर्वांत देखणी गोष्ट आहे. छातीवर प्रायोजकाऐवजी देशाचे नाव आहे आणि मंडळाच्या बोधचिन्हावर 1983 व 2011 च्या विजेतेपदांचे दोन तारे आहेत.

जाहिरातीची सारी मांडणी तिसऱ्या विजेतेपदाच्या स्वप्नाभोवती होती, आणि एरवी वर्षभर धावफलकाकडे न पाहणाऱ्या माझ्यासारख्या प्रेक्षकांनी ते स्वप्न पूर्ण होणारच असे धरून चालले होते. सलग दहा विजय, विराट कोहलीचा धावांचा ओघ, मोहम्मद शमीचे बळी, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

म्हणूनच 19 नोव्हेंबरला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून झालेल्या पराभवाचा घाव आम्हाला अधिक खोल लागला, असे माझे ठाम मत आहे. नेमाने क्रिकेट पाहणाऱ्यांनी 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जोहान्सबर्गला 125 धावांनी झालेला पराभव सोसलेला असतो, 2019 मध्ये मँचेस्टरला 18 धावांनी गमावलेला उपांत्य सामना त्यांना आठवत असतो, आणि संथ खेळपट्टी, नाणेफेक, रात्रीचे दव अशी कारणेही त्यांच्याजवळ असतात. हौशी प्रेक्षकाजवळ यातले काहीच नसते. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने मागे धावत जाऊन घेतलेला रोहितचा झेल, राहुलच्या 107 चेंडूंतील 66 धावांत आलेला एकच चौकार, मग त्याच हेडच्या 137 धावा आणि 43 षटकांतच संपलेला सामना, हे सारे तो नुसता पाहत राहतो. वर ‘तुला कुठे एवढे क्रिकेट कळते’ असे म्हणून घरचे त्याचा दुःख करण्याचा हक्कही नाकारतात. तो हक्क त्याला आहे, कारण त्या दीड महिन्यात त्यानेही मनापासून जीव लावलेला असतो.

त्यानंतर ही जर्सी बराच काळ कपाटात राहिली. ती पुन्हा घालावीशी वाटली याचे श्रेय मी तिच्या रचनेला देतो. तिच्यावर करंडकाचे मोठे चित्र नाही की विजयाची घोषणा नाही. जे दोन तारे आहेत ते कमावलेले आहेत आणि अहमदाबादच्या निकालाने त्यांना धक्का लागत नाही. स्पर्धेच्या दिवसांत रस्त्यावर विकले जाणारे, ‘विश्वविजेते’ असे आधीच छापलेले टीशर्ट दुसऱ्या दिवशी कुणाला घालवले नसतील. जून 2024 मध्ये ब्रिजटाउनला भारताने वीस षटकांचा विश्वचषक सात धावांनी जिंकला, तेव्हा संघाची जर्सी वेगळी होती, तरी मी हीच घातली. आनंद झाला, पण नोव्हेंबरची सल त्याने पुसली नाही.

अजून कुठे ही जर्सी मिळाली तर अवश्य घ्यावी, मात्र पाठीवर खेळाडूचे नाव छापून घेऊ नये आणि धुताना ती उलटी करून थंड पाण्यात धुवावी.