शेमस हीनी होमप्लेस, बेलाही: अर्धं आत, अर्धं लॉक बेगच्या काठावर

उत्तर आयर्लंडमधल्या बेलाही गावात आयरिश कवी शेमस हीनीच्या कवितेला वाहिलेलं हे केंद्र सप्टेंबर 2016च्या अखेरीस सुरू झालं. त्याआधी इथे पोलिसांचं बॅरेक होतं. तटबंदी केलेलं, अशांततेच्या काळात, म्हणजे 1960च्या दशकाच्या शेवटापासून चाललेल्या उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या वर्षांत, गावावर नजर ठेवणारं. ते पाडून मिड-अल्स्टर जिल्हा परिषदेने सुमारे सव्वाचार दशलक्ष पाउंड खर्चून दोन मजल्यांचं प्रदर्शन, 189 खुर्च्यांचं सभागृह, कॅफे आणि छोटं दुकान उभं केलं. कवीच्या नावाची स्मारकं बहुतेक ठिकाणी चष्मा, पेन आणि पुतळा यांच्यावर उरकली जातात. इथे तसं झालेलं नाही. तरीही जवळचं लॉक बेग सरोवर न बघता फक्त इमारत बघून परतणाऱ्याच्या पदरी या कवितेची गोड बाजू तेवढी पडते.

आधी जे उत्तम जमलंय ते. तिकिटाबरोबर हेडफोन आणि श्राव्य मार्गदर्शक मिळतो. तो घ्याच, आणि मध्येच काढून गळ्यात अडकवू नका. भिंतीवरचा मजकूर थोडका आहे, आणि हीनीच्या स्वतःच्या आवाजातल्या कविता हाच या प्रदर्शनाचा खरा ऐवज आहे. हेडफोनशिवाय चाळीस मिनिटांत सगळं संपतं आणि ‘छान आहे, पण फार काही नाही’ असं वाटतं. शांतपणे ऐकत गेलात तर दोन ते अडीच तास सहज जातात.

ऐकताना काय धरायचं? ‘डिगिंग’पासून सुरुवात करा. खिडकीखाली बाप बटाट्याच्या वाफ्यात फावडं चालवतोय, आजोबा दलदलीत पीट, म्हणजे जळणासाठीची माती, कापायचे, आणि नातवाच्या हातात लेखणी. छापील पानावर ही कविता शेतकरी घराण्याची गोड आठवण वाटू शकते. हीनी वाचतो तेव्हा फावडं खडीत शिरल्याचा करकरीत आवाज व्यंजनांतून येतो, ओळ थांबते, पुन्हा खाली जाते. आणखी एक गोष्ट सुटू देऊ नका: दुसऱ्याच ओळीत बोटांमधली लेखणी बंदुकीसारखी घट्ट बसलेली आहे. कवितासंग्रह 1966चा, म्हणजे अशांतता पेटण्याच्या आधीचा. ती बंदूक पोलीस बॅरेकच्या जागेवर उभं राहून ऐकायची, हा योग दुसरीकडे कुठे जुळणार नाही.

तळमजला माणसांचा आणि गावांचा आहे. हीनीचा जन्म 13 एप्रिल 1939चा, कॅसलडॉसन आणि टूमब्रिज यांच्यामधल्या मॉसबॉन या शेतघरातला. नऊ भावंडांत तो थोरला. शाळेचं चामडी दप्तर आणि डफल कोट मांडून ठेवलेत, पण वस्तू कमीच आहेत आणि ते बरंच आहे. त्यांच्यापेक्षा ‘मिड-टर्म ब्रेक’च्या कोपऱ्यात जास्त वेळ द्या. 1953 साली चार वर्षांचा भाऊ ख्रिस्तोफर मोटारीखाली गेला, तेव्हा हीनी डेरीच्या वसतिगृहात शिकत होता. कविता सगळ्या गोष्टी बाजूबाजूने सांगते: मोजलेल्या शाळेच्या घंटा, म्हाताऱ्यांचं उठून हात मिळवणं, पाळण्यात हसणारं बाळ. शेवटी चार फुटांची शवपेटी, वर्षाला एक फूट. हीनीच्या आवाजात कुठेही कंप नाही. म्हणूनच ती ऐकवत नाही.

‘ब्रोआख’, ‘अनाहॉरिश’ आणि ‘टूम’ या तीन छोट्या कविता एका दमात ऐका. जागेच्या नावाला धरून तिची कथा पद्यात सांगायची ही आयर्लंडची जुनी परंपरा, मध्ययुगीन हस्तलिखितांत तिचे मोठे संग्रह आहेत. हीनी तीच परंपरा एका शेताच्या, एका झऱ्याच्या मापाला आणतो. ‘ब्रोआख’ या नावाच्या शेवटचा घशातला उच्चार बाहेरून आलेल्यांना जमत नाही, असं कवितेतच म्हटलंय. पण गावातल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही तो जमतो. एवढ्या लहानशा कवितेत जमिनीचा, वसाहतीचा आणि शेजारधर्माचा इतिहास बसवलाय. केंद्राने तो शब्दांत समजावून सांगितला असता तर सगळी मजा गेली असती. इथे नुसतं ऐकवलंय.

वरचा मजला शब्दांचा: छताखाली लोंबणारे त्याच्या कवितेतले बोलीतले शब्द, डब्लिनच्या घरातल्या माळ्यावरच्या अभ्यासिकेची प्रतिकृती, मुलांसाठी शब्द जुळवायचे खेळ. बरं आहे, मुलं रमतात. मोठ्यांनी अर्धा तास द्यावा.

आता तक्रार. प्रदर्शनाचा सगळा कल घराकडे, आईबापाकडे, अंगणातल्या हातपंपाकडे आहे. हीनीच्या कवितेतलं अवघड ते इथे मऊ होऊन येतं. ‘नॉर्थ’ (1975) या संग्रहात त्याने डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेल्या लोहयुगातल्या मृतदेहांशेजारी आपल्या काळातले खून ठेवले. त्याबद्दल तेव्हाही वाद झाला: हिंसेला पुराणकथेचं कवच चढवलं, असा आक्षेप होता. हा वाद इथे ठळकपणे मांडायला हवा होता. गंमत अशी की गोडवा मिसळल्याचा आरोप हीनीने स्वतःवरच आधी करून ठेवलाय. 1975च्या ऑगस्टमध्ये त्याचा नात्यातला भाऊ कोलम मॅककार्टनी डब्लिनहून फुटबॉलचा सामना बघून परतताना आर्मा परगण्यात मारला गेला. हीनीने त्याच्यासाठी ‘द स्ट्रँड ॲट लॉक बेग’ लिहिली. तिच्या शेवटी तो पहाटेच्या दवाने भावाचा चेहरा धुतो. पुढे ‘स्टेशन आयलंड’मध्ये (1984) तोच मेलेला भाऊ समोर येऊन जाब विचारतो: माझ्या मरणाला तू साखर लावलीस, जे कुरूप होतं ते झाकलंस. स्वतःच्या सर्वात सुंदर कवितेला इतकं उघडं पाडणारा कवी विरळा. तेव्हा जाण्याआधी या दोन्ही कविता घरी वाचून जा, एकीनंतर लगेच दुसरी. मग प्रदर्शनातला गोडवा आपोआप जागेवर येतो.

यासाठीच लॉक बेग त्याच दिवशी करायचं. बेलाहीपासून गाडीने काही मिनिटांवर हे उथळ सरोवर आहे. बॅन नदी लॉक नेय या मोठ्या सरोवरातून बाहेर पडते आणि इथे पसरते. काठावर कुंपण न घातलेली ओली कुरणं, त्यांत गुरं चरतात, आणि पलीकडे चर्च आयलंडवरचं पडकं देऊळ आणि त्याचा मनोरा दिसतो. मनोरा अठराव्या शतकाच्या शेवटी बिशप हार्वेने चढवलेला, देऊळ त्याच्या कितीतरी आधीचं. तिथे खळगा पडलेला एक दगड आहे. संताच्या गुडघ्याची खूण म्हणून लोक त्याला मानतात आणि शेजारच्या झुडपाला नवसाच्या चिंध्या बांधतात. हीनीच्या कवितेतला धर्म समजायला प्रदर्शनापेक्षा हे झुडूप जास्त कामाचं आहे.

इथे घोटाळा होतो तो पाण्याचा. हिवाळ्यात कुरणं पाण्याखाली जातात आणि बेटाकडे पायी जाता येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की जमिनीवरून जाता येतं, तरी गमबूट हवेतच. साध्या बुटांत पहिल्या शंभर पावलांत पाय भिजतात. फाटकं लागली तर जशी होती तशीच ठेवा. काठावर टपरी नाही, शौचालय नाही, आडोसाही नाही, म्हणून आधी केंद्र, मग कॅफेत जेवण, मग सरोवर असा क्रम ठेवा. हिवाळ्यात जायचंच असेल तर काठावरूनच बघा. तेव्हा आइसलँडहून आलेले हूपर हंस दिसतात.

मॉसबॉन किंवा नंतरचं ‘द वूड’ हे शेत बघायला मिळेल या आशेने जाऊ नका. जमीन खाजगी आहे, रस्त्यावर गाडी लावून फोटो काढणं शोभत नाही. हीनीची कबर मात्र बेलाहीच्याच सेंट मेरी चर्चच्या आवारात आहे, केंद्रापासून चालत जाण्याजोगी. टूमब्रिजला थांबायचं असेल तर ‘अ लॉक नेय सीक्वेन्स’ सोबत ठेवा. सार्गासो समुद्रातून इथवर येऊन मोठं होणाऱ्या आणि पुन्हा तिकडेच परतणाऱ्या ईल माशांवरची ही कवितामाला 1969च्या संग्रहात आहे. ती वाचून लॉक नेयकडे बघताना 2023च्या उन्हाळ्यात तिथे पसरलेलं निळंहिरवं शेवाळही लक्षात ठेवा. शेतातलं खत आणि सांडपाणी पाण्यात मिसळत गेल्याचा तो परिणाम. कवितेतलं पाणी आणि आजचं पाणी एक राहिलेलं नाही.

पोचायचं कसं: बेलफास्टहून एम 2 आणि मग ए 6 धरली की गाडीने पाऊण-एक तास. या ए 6चा नवा चौपदरी भाग लॉक बेगच्या जवळून जातो. तो होण्याआधी मोठा विरोध आणि कोर्टकचेरी झाली, आणि विरोध करणाऱ्यांत हीनीही होता. गाडी नसेल तर बेलफास्ट-डेरी एक्सप्रेस बसने कॅसलडॉसनला उतरून पुढे टॅक्सी. टॅक्सी आधी ठरवून ठेवा, थांब्यावर उभी नसते. रेल्वे या भागात नाही. आठवड्याची सुट्टी आणि रविवारच्या वेळा केंद्राच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बेलाही युनायटेड किंग्डममध्ये येतं, डब्लिन आयर्लंडच्या प्रजासत्ताकात. सीमेवर नाका नाही, बस सरळ जाते, म्हणून एका व्हिसावर भागेल असं वाटतं. तसं नाही. अल्पमुदतीच्या व्हिसावर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची नोंद, म्हणजे ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं असतील तरच दोन्हीकडे फिरता येतं. तेही ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरून. व्हिसा हातात आल्यावर विमानाचं तिकीट काढण्याआधी ही अक्षरं तपासा.

डब्लिनलाही जाणार असाल तर हीनीने 2011 साली नॅशनल लायब्ररीला दिलेल्या कागदपत्रांवरचं ‘लिसन नाऊ अगेन’ हे मोफत प्रदर्शन 2018 साली कॉलेज ग्रीनवरच्या बँक ऑफ आयर्लंडच्या इमारतीत मांडलं गेलं, ते लक्षात ठेवा. ते तात्पुरतं म्हणून उभारलेलं, तेव्हा तारखा बघून घ्या. खाडाखोड केलेले मसुदे बघायचे असतील तर बेलाहीपेक्षा तेच सरस. एक ओळ पाच वेळा कशी बदलली ते तिथे कळतं.

दुकानात कप आणि टॉवेलवर पैसे घालवू नका. पहिल्यांदाच हीनी वाचणाऱ्याने कुटुंबीयांनी निवडलेलं ‘100 पोएम्स’ घ्यावं, थोडा वाचलेला असेल तर ‘ओपन्ड ग्राउंड’, आणि ज्यांना प्रत्येक शेत, माणूस आणि वाद यांची मागची हकिकत हवी त्यांनी डेनिस ओड्रिस्कॉलने घेतलेल्या मुलाखतींचं ‘स्टेपिंग स्टोन्स’. शेवटचं जाडजूड आहे. सामानाचं वजन काठावर असेल तर ते घरी परतल्यावर मागवा.