वायर हातात हलकी लागली होती

गाडीतल्या फ्रिजच्या वायरिंगमध्ये मी फसलो ते १५,२३० रुपयांना. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "थोडक्यात सुटलास रे" म्हणणाऱ्यांची सोय होईल. यात वायर-कनेक्टरच्या किटचे ९,४५०, बसवणावळीचे २,८५० आणि "कंपन चाचणी प्रमाणपत्रा"चे १,७५० आहेत. हो, प्रमाणपत्राचे मी वेगळे पैसे दिले, हसून घ्या. सगळं जळल्यावर "बदलून देतो, फक्त तपासणी आणि कुरिअरचे पाठवा" म्हणून आणखी १,१८० उकळले. जळकं काम उचकटून पुन्हा करायला दुसऱ्या वायरमनने ६,३४० घेतले, ते यात धरलेले नाहीत. धरले तर २१,५७०. इतकं सगळं कशासाठी, तर कच्च्या रस्त्यावर गाडीतल्या फ्रिजचा प्लग निघू नये म्हणून.

ज्यांच्याकडे गाडीत ठेवायचा कॉम्प्रेसरचा फ्रिज आहे त्यांना दुखणं माहीत आहे. डांबरी रस्ता संपला की लायटर सॉकेटमधला प्लग हळूहळू मागे सरकतो. सरकतो म्हणजे बाहेर पडतोच असं नाही. पडला तर बरं, निदान दिसतो तरी. तो अर्धवट टेकून राहतो, फ्रिजचा दिवा लुकलुकतो आणि संध्याकाळी झाकण उघडलं की आत कोमट. मुळात ते सॉकेट सिगारेटच्या लायटरसाठी बनलेलं, आणि लायटर तापला की आपोआप बाहेर उडी मारतो. त्यात बसलेल्या वस्तूने बाहेर यावं हीच ज्याची जन्मजात सवय, त्याच्याकडून आपण खडकाळ वाटेवर दिवसभर पाच अँपिअर वाहण्याची अपेक्षा करतो. तीन वर्षं मी प्लगला कागदाची घडी लावून, वर चिकटपट्टी मारून दिवस काढले. तेव्हा "याला हौस भारी" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की गरज होती. बायकोचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये असतं. न उघडलेली पेनं दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. तिथे कागदाच्या घडीवर भरवसा ठेवायचा नव्हता.

फसवणुकीची योजना कशी असते ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. भटकंतीचा ग्रुप, त्यात सगळ्यांना "दादा" म्हणणारा एक जुनाजाणता, आणि त्याने सुचवलेला "आपला माणूस". आपला माणूस सांगतो की शनिवारी चारच गाड्या घेतो, दोन जागा उरल्यात. दादाला प्रत्येक गाडीमागे काही मिळतं, हे मला नंतर कळलं. मिळेना का, पण आधी सांगायचं होतं.

त्याच्याकडे एक लाकडी फळी होती. फळीवर लायटर सॉकेटऐवजी लावायचा राखाडी, पन्नास अँपिअरचा दोन तोंडांचा कनेक्टर बोल्टने आवळलेला, मागे जाडजूड वायर. त्याने फळी उलटी केली, झटकली, टेबलावर आपटली, वर माझ्याही हातात देऊन म्हणाला, "ओढा साहेब, ताकद लावा." मी ओढलं, निघालं नाही. ते निघणारच नव्हतं, कारण फळीवरचा माल अस्सल होता. माझ्या गाडीत गेला तो त्याचा सावत्र भाऊ.

आता ज्या क्षणासाठी मी रोज रात्री स्वतःला शिव्या देतो, तो.

त्याचा पोरगा वायरचं वेटोळं घेऊन आला आणि "धरा जरा" म्हणत माझ्या हातात देऊन डिक्कीत शिरला. सहा स्क्वेअरची (म्हणजे आतल्या तारेचा छेद सहा चौरस मिलिमीटर), सहा मीटर, दुहेरी. आवरणावर आकडा छापलेला होता. आणि ते वेटोळं हलकं होतं. थोडंथोडकं नाही. घरच्या पंपाची वायर मी स्वतः ओढलीये, तांब्याचं वेटोळं खांद्याला कसं लागतं ते मला माहीत आहे. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. माझ्या हाताला ते कळलं, तोंडाने विचारलंही: "हलकी कशी हो एवढी?" फळीवाला हसला. "विमानात वापरतात ती आहे साहेब. जाड वाटते, पण वजन नाही." आणि मी मान डोलावली! विमानात वापरतात! म्हणे! खिशात चाकू होता. एक टोक खरवडलं असतं तर वरचा तांबडा मुलामा जाऊन खालून पांढरी तार बाहेर आली असती. अर्ध्या मिनिटाचं काम. मी चाकू काढलाही होता, खोटं नाही सांगत. तो म्हणाला, "कापली की वॉरंटी जाते बरं का." चाकू परत खिशात.

का नाही खरवडलं? माणूस समोर घाम गाळत काम करतोय, मागे तीन गाड्या थांबल्यात, दादा चहा घेऊन उभा. अशा वेळी संशय घेणारा माणूस खडूस ठरतो. मला खडूस ठरायचं नव्हतं. तुम्ही ठरा.

काम झाल्यावर त्याने इंजिन चालू ठेवून फ्रिज लावला आणि मल्टिमीटर माझ्यासमोर धरला: १२.८. "बघा, पूर्ण बारा व्होल्ट." मीही खूश. इथेही मी झोपलो होतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास असतात, म्हणजे वाटेत एक व्होल्टहून जास्त गळत होते. इंजिन बंद करून, कॉम्प्रेसर चालू असताना, आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग फ्रिजच्या टोकाशी मोजायचं असतं. खऱ्या सहा स्क्वेअर तांब्यात, सहा मीटर जाऊन सहा मीटर परत, पाच अँपिअरला ०.२ व्होल्टही पडत नाहीत. घरी येऊन मी हे मोजलं असतं तर? बॅटरीवर १२.६, फ्रिजशी ११.१. हे आकडे मी मोजले, पण सगळं जळल्यानंतर, उरलेली वायर जोडून. गाडीची बॅटरी वाचवणारी फ्रिजची सेटिंग वरच्या पातळीवर असेल, तर एवढ्यावर तो स्वतःला बंद करतो. बॅटरी ठणठणीत, फ्रिज आडवा, आणि आपण फ्रिजवाल्या कंपनीला शिव्या घालतोय.

पहिला दिवस डांबरीचा, तो छान गेला. दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रातून चार तास दगडगोट्यांत गाडी आदळत होती. दुपारी गाडी उन्हात लावून आम्ही वर चढून गेलो. परतलो तर दार उघडताच जळक्या प्लॅस्टिकचा वास. फ्रिजचा दिवा बंद. कनेक्टरची एक बाजू मेणासारखी वितळून सुकलेली. फ्यूज? धडधाकट. मी तिथे दगडावर बसून वेड्यासारखा त्या फ्यूजकडे बघत राहिलो. उडाला का नाही?

उत्तर नंतर मिळालं, ते नीट ऐका, कारण हे बऱ्याच जाणत्यांनाही चुकीचं माहीत असतं. ढिल्या जोडाने फ्यूज उडत नाही. प्रवाह वाढतच नाही ना! पाचच अँपिअर वाहतात, पण सगळी उष्णता त्या एका टेकलेल्या टोकावर साठते. अर्धा ओहमचा रोध आणि पाच अँपिअर म्हणजे साडेबारा वॅट, नखाएवढ्या जागेत. लहान सोल्डरिंग आयर्न याहून फार वेगळी नसते. फ्यूज वायरीला वाचवतो, तोही शॉर्ट झालं किंवा प्रवाह फार वाढला तर. ढिलाईवर औषध एकच, नीट दाबलेला जोड.

आणि जोड कसले होते! हत्याराने दाबलेली थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, नव्हतीच. पकडीने चेपून वर कथलाचा गोळा ओतलेला. कथील तारांत चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि थरथरीत तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. त्यात ॲल्युमिनियम, जे वाकवून वाकवून पटकन तुटतं. मी मोजल्या: निम्म्याहून जास्त तारा आधीच तुटलेल्या. आवरण बाहेरून सहा स्क्वेअरचं, आतली तार फार तर दीडची. बाकी सगळं रबर. म्हणून पुन्हा सांगतो, आवरणावरचा आकडा वाचू नका, कापलेलं तोंड बघा.

खरं भयंकर पुढे होतं. वायर इंजिनाच्या बाजूने आत येते तिथे पत्र्याच्या भोकाला रबराची कडी नव्हती. दोन दिवसांत पत्र्याने आवरण सोलत आणलं होतं, मधे कागदाएवढा पापुद्रा शिल्लक. आणि फ्यूज बसवला होता मागे, फ्रिजजवळ, "बदलायला सोपा पडतो" म्हणून! फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. त्या पत्र्यावर शॉर्ट झालं असतं तर मागचा फ्यूज शांतपणे बघत बसला असता आणि पुढे वायर पेटली असती. आम्ही दोघं आत होतो.

इन्सुलिनची चार पेनं फेकली. फ्रिज पुन्हा लावला तेव्हा आत २९ अंश दाखवत होता, त्याआधी किती होता कोण जाणे. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, वापरू नका. वापरातलं एक बायकोच्या पिशवीत होतं म्हणून निभावलं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता फळीवाल्याची वॉरंटी. फोन केला तर म्हणाला, "सर, कनेक्टर पाठवून द्या, नवीन देतो, १,१८० भरा." मी भरले! वर पुरावाही स्वतःच्या हाताने पाठवून दिला. जळकी वस्तू कधीही परत पाठवू नका, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. चौथ्या दिवशी नंबर लागेना. ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणाला, "वैयक्तिक वाद इथे नको," आणि संध्याकाळपर्यंत मी ग्रुपच्या बाहेर.

पोलीस ठाण्यात गेलो. तासभर बाकावर बसवलं. मग साहेबांनी विचारलं, "फ्रिज? गाडीत? कशाला?" इन्सुलिनचं सांगितलं तर म्हणाले, "बर्फाची पेटी नेता येत नाही का?" मी तिथे सल्ला मागायला गेलो नव्हतो. शेवटी निर्णय असा, की वस्तू मिळाली, बसवली, चालली, बिघडली, म्हणजे हा दिवाणी मामला, ग्राहकवाल्यांकडे जा. मी म्हटलं, तांबं सांगून ॲल्युमिनियम देणं फसवणूक नाही? "ते तुम्ही सिद्ध करा." बँकेत गेलो, तर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. विम्याचा माणूस आला, त्याने जळका गालिचा बघितला, फोटो काढले आणि लिहून दिलं की बाहेरून केलेलं वायरिंग आहे, दावा बसत नाही. गाडीच्या वॉरंटीवाल्यांनी तर वायरीचा तो भाग बघायलाही नकार दिला. ग्राहक मदतीच्या फोनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, मी हुरळलो. सतरा दिवसांनी निरोप: समोरच्या पक्षाने उत्तर दिले आहे, तक्रार बंद. उत्तर काय होतं? "ग्राहकाने फ्रिज चुकीच्या पद्धतीने वापरला." झालं! मी पुन्हा उघडली, पुन्हा बंद. फोनवरच्या बाईंना विचारलं की उत्तर दिलं म्हणजे तक्रार मिटली का हो? त्या म्हणाल्या, "सिस्टिममध्ये तसं आहे, सर." सगळ्यांनी मला नम्रपणे दुसऱ्याकडे ढकललं. जो तो आपापल्या खुर्चीपुरता बरोबर, आणि तो फळीवाला दर शनिवारी चार गाड्या घेतोय.

नव्या वायरमनने काय केलं ते सांगतो, कारण कोणीतरी विचारणारच. वायर खरवडून दाखवली, मी सांगायच्या आधी. एक तार काढून लायटरच्या ज्योतीत धरली. तांबं लाल होऊन तसंच राहिलं. माझ्या जुन्या वायरची तार त्याच ज्योतीत गळून पडली. बॅटरीशेजारी १५ अँपिअरचा फ्यूज. पत्र्याच्या भोकात रबर. वायर जिथे तिथे क्लिपने अंगाला बांधलेली, कुठेही लोंबत नाही. कनेक्टरचं एक तोंड गाडीच्या अंगाला बोल्टने, म्हणजे ओढ त्या बोल्टवर येते, मागच्या जोडावर येत नाही. फ्रिजच्या बाजूचा बारका प्लग लॉक होत नाही, म्हणून वायरीचा एक ढिला वळसा ठेवून ती हँडलला बांधली. आणि आधी फ्रिजच पट्ट्यांनी करकचून आवळला. फ्रिज नाचत असेल तर कुठलाही प्लग टिकत नाही, हे मला त्या ९,४५०च्या किटआधी कोणी सांगितलं असतं तर! तुमचा फ्रिज सरकत्या ट्रेवर असेल तर ट्रे पूर्ण बाहेर ओढून वायर ताणली जाते का ते बघा. आणि खराब वाटेवर तासाभराने थांबून जोडाला हात लावा. गरम लागला की तिथेच काढा.

आता ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. तिथे म्हणाले, वायर ॲल्युमिनियमची असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. चौकशी केली. तपासणीची फी ३,५४०. माझ्याकडे त्या वायरचा चाळीस सेंटिमीटरचा तुकडा उरलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. काल बायकोने तो उचलला आणि म्हणाली, "किती हलका आहे रे हा."