निकॉन झेड १८०-६०० मिमी: नाशिक परिसरातील शिकारी पक्ष्यांच्या उड्डाणचित्रणासाठी कशी आहे?

उडत्या शिकारी पक्ष्याचे छायाचित्र काढताना पहिली अडचण येते ती पक्षी चौकटीत सापडण्याची. ६०० मिमीवर लेन्सला जेमतेम चार अंशांचा आकाशाचा तुकडा दिसतो. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारी घार व्ह्यूफाइंडरला डोळा लावताच हरवते आणि रिकाम्या निळ्या आकाशात तिला शोधेपर्यंत ती डोक्यावरून निघून गेलेली असते. निकॉनची झेड १८०-६०० मिमी एफ/५.६-६.३ ही लेन्स मी झेड ८ कॅमेऱ्यावर हिवाळ्याचा संपूर्ण हंगाम आणि त्यानंतरचा उन्हाळा नाशिक परिसरात वापरली. तिच्याविषयी माझे जे चांगले मत झाले त्याचे मुख्य कारण याच अडचणीशी जोडलेले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ही लेन्स २०२३ मध्ये बाजारात आली. तिचा झूम आतल्या आत होतो. १८० वर असो वा ६०० वर, लांबी साडेएकतीस सेंटिमीटरच राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यासाठी झूमची रिंग फक्त ७० अंश फिरवावी लागते. कागदावर हा आकडा कोणाच्या नजरेत भरत नाही, पण पक्षी हवेत असताना तोच सर्वाधिक उपयोगी पडतो. डाव्या हाताचा तळवा लेन्सखाली तसाच ठेवून केवळ अंगठा आणि तर्जनी यांच्या जोरावर पूर्ण झूम करता येतो. पक्षी १८० किंवा २५० मिमीवर पकडायचा, फोकस बसला की त्याच्याबरोबर वळत-वळत ६०० पर्यंत जायचे, आणि जवळ येऊन पंख चौकटीबाहेर जाऊ लागले की पुन्हा मागे यायचे, हे सगळे डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता होते. याआधी मी अनेक वर्षे निकॉनचीच २००-५०० मिमी एफ/५.६ ही लेन्स जुन्या डी ५०० कॅमेऱ्यावर वापरत होतो. ती लेन्स गुणी आहे, यात शंका नाही. परंतु झूम करताना तिचे नळकांडे पुढे सरकते, वजनाचा तोल पुढच्या बाजूला जातो आणि रिंग इतकी लांब फिरवावी लागते की मध्येच हाताची पकड बदलावी लागते. पकड बदलण्याच्या त्या क्षणातच पक्षी सुटतो. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेक जण ती लेन्स कायम ५०० वरच ठेवून वापरत असत.

या फरकाची खरी परीक्षा नांदूर मध्यमेश्वरला झाली. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. हिवाळ्यात तिथे हजारो बदके आणि वारकरी पक्षी उतरतात, आणि त्यांच्या मागावर मार्श हॅरियर, म्हणजे दलदलीतला भोवत्या, सकाळपासून पाणकणसांवरून घिरट्या घालत असतो. भोवत्याची उडण्याची पद्धत छायाचित्रकाराच्या संयमाची कसोटी पाहणारी आहे. तो उंच जात नाही. पाणकणसाच्या शेंड्यांवरून हात-दीड हात उंचीने, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, मध्येच एका कुशीवर कलत तो येतो, आणि काही हालचाल दिसली की पाय खाली सोडून जागच्या जागी वळतो. त्याच्या मागे कधी पाणी असते, कधी वाळलेली पाती, कधी दूरवरची बाभळीची रांग. पार्श्वभूमी अशी क्षणाक्षणाला बदलली की फोकस पक्ष्यावरून सुटून मागच्या पात्यांवर जाऊन बसतो, आणि एकदा का तो तिथे रुतला की परत आणणे कठीण होते.

अशा वेळी श्रेय लेन्सला किती द्यायचे आणि कॅमेऱ्याला किती, हे प्रामाणिकपणे वेगळे करायला हवे. झेड ८ मध्ये फेब्रुवारी २०२४ च्या फर्मवेअर २.०० (कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअरची आवृत्ती) पासून पक्ष्यांसाठी स्वतंत्र ओळख-प्रणाली आली. त्यामुळे निरभ्र आकाशापुढच्या पक्ष्याचा डोळा तो जवळपास विनातक्रार धरतो. पाणकणसांपुढे मात्र संपूर्ण चौकट कॅमेऱ्याच्या हवाली करण्यापेक्षा मधला रुंद, आडवा पट्टा निवडून त्यात पक्षी ठेवणे अधिक भरवशाचे ठरले. लेन्सच्या बाजूने पाहिल्यास तिची फोकस मोटर स्टेपिंग प्रकारची आहे. ती आवाज करत नाही आणि पक्ष्यामागे अखंड, नेमकी फिरते. परंतु फोकस पूर्णपणे सुटून अगदी जवळ गेला, तर तिथून दूरच्या पक्ष्यापर्यंत येण्यास तिला लागणारा वेळ जाणवतो. त्यावर साधा उपाय आहे. लेन्सवरील मर्यादा-बटण सहा मीटर ते अनंत या स्थितीत ठेवावे, आणि पक्षी येण्याच्या अपेक्षित अंतरावर आधीच फोकस करून ठेवावा. चापडगावच्या मनोऱ्याजवळ उभे राहून समोरच्या बेटावरील एखाद्या खुंटावर फोकस करून ठेवला, की भोवत्या त्या रेषेत येताच लेन्सला फारसे हलावेच लागत नाही.

उघडझाप, म्हणजे शटरचा वेग, किती ठेवावी, याविषयी नवीन छायाचित्रकार नेहमी विचारतात. भोवत्यासाठी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाखाली जाऊ नये, आणि तो कलताना पंखांची टोके स्पष्ट हवी असतील तर अडीच हजार किंवा बत्तीसशे बरे. ६०० मिमीवर लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ/६.३ (आकडा मोठा तितके छिद्र लहान) असल्याने सकाळच्या पहिल्या प्रकाशात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, सहज तीन-चार हजारांवर जातो. झेड ८ च्या ४५.७ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तो चालून जातो, पण गर्द तपकिरी मादीच्या छातीवरील पिसांचा पोत धुक्याच्या दिवशी पुसट होतो, हे नमूद करणे आवश्यक आहे. जुन्या लेन्सचे एफ/५.६ आणि हिचे एफ/६.३ यांत फरक एक तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). प्रत्यक्ष निकालात तो मला फारसा दिसला नाही.

येवला तालुक्यातील ममदापूरच्या माळरानावर कापशी घारीसाठी अगदी वेगळी मांडणी लागते. काळविटांसाठी राखलेल्या त्या गवताळ रानात ही लहानशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, शेपटी खाली दुमडते, आणि मान तेवढी अजिबात न हलवता खालच्या गवताकडे पाहत राहते. मग पाय लोंबते सोडून ती टप्प्याटप्प्याने उतरते, शेवटच्या टप्प्यात पंख पाठीवर मिटून सरळ खाली येते. घार थांबलेली असताना चित्र मिळवणे सोपे असते. कठीण असतो तो पंख मिटण्याचा क्षण, कारण बोट दाबले जाईपर्यंत तो सरलेला असतो. झेड ८ मध्ये बोट अर्धे दाबून ठेवल्यास कॅमेरा पूर्ण दाबण्याआधीच्या एका सेकंदापर्यंतची चित्रेही जतन करतो, सेकंदाला तीस या वेगाने. ती केवळ जेपेग स्वरूपात मिळतात, सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या रॉ मध्ये नाही. कापशीच्या बाबतीत हे खटकते, कारण तिचे पोट शुभ्र असते, खांद्यावरचा डाग काळा असतो आणि डोळा लालभडक. उन्हात पांढरे जळाले तर जेपेगमधून ते परत येत नाही. म्हणून तिथे मी प्रकाशमान (एक्सपोजर) दोन तृतीयांश स्टॉपने कमी ठेवतो. याउलट आकाशापुढच्या गडद गरुडासाठी ते एक स्टॉपने वाढवावे लागते. लेन्सवरील कंट्रोल रिंगला हे काम नेमून दिले, की पक्षी बदलताच बोट तिथे आपोआप जाते. ही सोय मला झूम-रिंगच्या खालोखाल आवडली.

अंजनेरीला लेन्सची लांबी कमी आणि शिस्त जास्त लागते. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील या डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आहे. पशुवैद्यकीय वापरातील डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे भारतातील बहुतांश गिधाडे लयास गेली, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि त्यातून वाचलेल्या थोड्या वस्त्यांपैकी ही एक. कड्यावरील पांढऱ्या ओघळांवरून त्यांच्या बसण्याच्या जागा लांबूनच कळतात. ऊन तापून हवेचे गरम झोत वर येऊ लागेपर्यंत गिधाडे हलत नाहीत. एकदा ती निघाली की डोंगरमाथ्यावर उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून, कधी तर खालून, पंख न हलवता जातात. पाठीवरचा प्रकाश दिसणारी गिधाडाची छायाचित्रे मिळण्याची ही दुर्मीळ जागा आहे. तिथे सोळाशेची उघडझाप पुरते, कारण पंख स्थिर असतात, आणि दोन मीटरहून अधिक पसरणारे पंख चौकटीत मावावेत म्हणून मी बहुतेक वेळा ३०० ते ४०० मिमीच्या दरम्यान असतो. पाचशे किंवा सहाशेची एकाच लांबीची लेन्स घेऊन आलेल्या मित्रांना जवळून जाणाऱ्या गिधाडाचा अर्धा पंख कापून घ्यावा लागतो. इथे झूमची किंमत कळते. घरट्यांच्या कड्याकडे मात्र कोणत्याही लांबीची लेन्स घेऊन जाऊ नये. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तिथे अंडी आणि पिल्ले असतात. एक घरटे सुटले तर त्या जोडीचे वर्ष वाया जाते, कारण गिधाड वर्षाला एकच अंडे घालते.

अंतराविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. झेड ८ वर डीएक्स चौकट, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग, निवडली की ही लेन्स ९०० मिमीइतके दाखवते आणि तरीही सुमारे १९ मेगापिक्सेल हाती राहतात, म्हणून दूरच्या गरुडाचेही तपशीलवार चित्र मिळेल असे अनेकांना वाटते. नाशिकच्या उन्हात सकाळी दहा-साडेदहानंतर ते मिळत नाही. नांगरलेल्या शेतावरून किंवा उथळ पाण्यावरून घेतलेल्या चित्रात तापलेल्या हवेची थरथर उतरते, पिसांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, आणि हा दोष लेन्स बदलून जात नाही. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा १.४ पट टेलीकन्व्हर्टर लावल्यास ८४० मिमी मिळतात खरे, पण छिद्र एफ/९ होते. बसलेल्या पक्ष्यासाठी ते चालेल, उडत्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. पक्ष्याच्या येण्याजाण्याची वाट ओळखून, उन्हाकडे पाठ करून, लवकर जाऊन थांबणे हाच जवळचा मार्ग आहे.

वजनाचे सांगायचे तर ट्रायपॉडला जोडायची कॉलर धरून लेन्स २१४० ग्रॅम आणि बॅटरीसह कॅमेरा ९१० ग्रॅम, म्हणजे तीन किलोंहून थोडे अधिक. तोल उत्तम असल्यामुळे तासभर हातात धरून चालते. दोन तासांनंतर डाव्या मनगटावर ताण येतो. कॉलरचा पाय आर्का-स्विस पद्धतीचा, म्हणजे ट्रायपॉडच्या पकडीत थेट सरकणारा, नाही, त्यामुळे ट्रायपॉडसाठी वेगळी पट्टी किंवा बाजारात मिळणारा दुसरा पाय घ्यावा लागतो. एवढ्या किमतीच्या लेन्सला ही उणीव असू नये. लेन्सवर व्हीआरचे, म्हणजे हाताची थरथर कमी करणाऱ्या यंत्रणेचे, बटण नाही. ते कॅमेऱ्याच्या मेनूतून बदलावे लागते, म्हणून ते एखाद्या बटणावर आधीच नेमून घ्यावे आणि उड्डाणासाठी स्पोर्ट स्थितीत ठेवावे. नळकांडे आत-बाहेर होत नसल्याने माळावरची धूळ आत खेचली जात नाही, हा ममदापूरसारख्या ठिकाणी मोठा दिलासा आहे. फिल्टरचा व्यास ९५ मिमी असल्याने चांगला फिल्टर महाग पडतो. मी तो लावतच नाही, समोरच्या काचेवरील फ्लोरिन थरामुळे धूळ ब्लोअर आणि मऊ कापडाने सहज निघते.

स्पष्टतेविषयी वेगळा परिच्छेद लिहावा असे काही नाही: ६०० वर उघड्या छिद्रालाही मध्यभाग उत्तम आहे, आणि उडता पक्षी बहुधा मध्यभागीच असतो.

ज्यांच्याकडे आधीच झेड मालिकेचा कॅमेरा आहे आणि ज्यांचा ओढा शिकारी पक्ष्यांकडे आहे त्यांनी ही लेन्स निःशंक घ्यावी. डी ५०० आणि २००-५०० या जोडीवर समाधानी असणाऱ्यांनी केवळ १०० मिमी अधिक मिळतील म्हणून घाई करू नये, कारण डी ५०० च्या लहान सेन्सरमुळे त्यांची ५०० मिमी आजही ७५० इतकी दिसते. त्यांना फरक पडेल तो झूमच्या रिंगेत आणि कॅमेऱ्याच्या ट्रॅकिंगमध्ये, आणि त्यासाठी कॅमेरा व लेन्स दोन्ही बदलावे लागतील. ज्यांना लेन्स आणि कॅमेरा यांपैकी आधी एकच घेणे शक्य आहे, त्यांनी आधी कॅमेरा घ्यावा. जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यांना जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर जुनी २००-५०० झेड ८ ला लागते आणि पक्ष्याचा डोळा तिथेही ओळखला जातो. नंतर घेण्याआधी कोणाकडून तरी एका सकाळपुरती ही लेन्स मागून न्यावी, नांदूर मध्यमेश्वरला भोवत्यासमोर उभे राहावे, आणि १८० वरून ६०० पर्यंत जाताना आपला हात कुठे अडतो का, ते पाहावे.